सात दिवस आधीचं ताट

नाम दिन्ह, ८ ऑक्टोबर २०२३

मिएन,

सत्तावीस वर्षांत हे माझं पाचवं पत्र. आधीच्या चारांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही, पण ती पोचली एवढं मला ठाऊक आहे. तुमच्या गावचा पोस्टमन माझ्या जुन्या बटालियनमधल्या एकाचा जावई. तो सांगतो, तू सही करून पाकीट घेतेस, त्याला हिरवा चहा पाजतेस आणि पाकीट त्याच्यासमोर फोडत नाहीस. पुढे त्या पत्रांचं काय होतं, हे त्यालाही माहीत नाही.

बातमी अशी की आपली सैन्याची कोअर मोडताहेत.

नंबर लिहीत नाही. आयुष्यभर पाकिटावर नुसता टपालपेटीचा आकडा लिहायची सवय, हात वळतच नाही. आपली आणि दुसरी एक, अशा दोन कोअर मिळून आता एकच होणार. नवा नंबर, नवा ध्वज, नवा स्थापनादिवस. कारण मला कळतं. सैन्य आटोपशीर हवं, चपळ हवं, हे मी नकाशा वाचणारा माणूस नाकारणार नाही. पण एक जून हा आपला जुना स्थापनादिवस आता कुणी साजरा करणार नाही, या विचाराने जेवण जात नाही. तो दिवस उभा करायला काय काय घातलं होतं, ते या पोरांना कुठून कळणार?

ही कोअर नव्हती तेव्हाचे दिवस तुला आठवतील. डिव्हिजन हीच सगळ्यात मोठी. एक डिव्हिजन इथे लढायची, दुसरी शंभर मैलांवर, तोफा तिसऱ्याच कुणाच्या हुकमात. बहात्तर साली हातात आलेली गावं हातातून गेली ती याच पायी. मग ठरलं की पायदळाच्या तीन डिव्हिजन, विमानवेधी तोफांची एक, रणगाड्यांची ब्रिगेड, तोफखान्याची ब्रिगेड, पूल बांधणारे, तारायंत्रवाले, सगळं एका हुकमाखाली आणायचं. बटालियनचा राजकीय अधिकारी म्हणून हे सैनिकांना समजावण्याचं काम माझं. मी हात वर करून पाची बोटं पसरायचो आणि म्हणायचो, "आजवर आपण हे असे होतो. एक जूनला असे होणार." आणि मूठ वळायचो. टाळ्या पडायच्या.

तुझा नवरा मागे झाडाला टेकून बसलेला असायचा. तिसऱ्या कंपनीचा कमांडर, तरी बसणार पोरांत. एकदा म्हणाला, "मेव्हणे, मुठीत करंगळी सगळ्यात बाहेर असते. भिंतीवर ठोसा मारला की आधी तीच मोडते." सगळी कंपनी हसली. मीही हसलो. झोआनवर रागावणं कुणाला जमलं?

दोन डिसेंबरला निरोपाचा समारंभ आहे. माजी सैनिकांच्या वतीने मी बोलायचं ठरलंय. पहिल्या रांगेत शहिदांच्या घरच्यांसाठी खुर्च्या आहेत. एक तुझी. मोटार पाठवतो. मी ऐंशीचा आहे, तू चौऱ्याहत्तरची. आणखी किती वर्षं हे चालवायचं? लापसारख्या दारुड्या आचाऱ्याच्या बडबडीवरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकायचं, हे आईला पटलं असतं का?

उत्तर नको. फक्त ये.

तुझा दादा,
तोआई


नाम दिन्ह, २७ ऑक्टोबर २०२३

मिएन,

कोअरच्या इतिहासाचा शेवटचा खंड छापायला चाललाय. संपादक कर्नल क्वी यांनी तपासण्यासाठी कच्ची पानं पाठवली. चांगला माणूस, वयाने माझ्या मुलासारखा, अभ्यासू. सहाशे पानं आहेत. कुठली रेजिमेंट कुठून आली, कुठे जोडली गेली, कधी निघाली, सगळे तक्ते. चार दिवस मी टेबलावरून उठलो नाही.

पान दोनशे चौदा. तिथे एकच वाक्य आहे: "६ जून १९७४ रोजी बेन लाउ उतारावर नदी ओलांडताना शत्रूच्या विमानहल्ल्यात तिसऱ्या कंपनीच्या कमांडरसह पस्तीस जणांनी प्राणार्पण केलं." खाली नावं. झोआनचं पहिलं.

ते वाक्य तीन वेळा वाचलं आणि मग तुला कधीचं सांगायचं राहिलेलं आठवलं. सहा जून म्हणजे आपल्या चांद्र पंचांगात त्या वर्षीच्या अधिक चौथ्या महिन्याची सोळावी तिथी. तुझ्या सासऱ्यांनी त्यावरून केवढा घोळ घातला होता. अधिक महिन्यात गेलेल्याचं ताट निज महिन्यात वाढायचं की अधिक येईल तेव्हाच? देवळातल्या भिक्षूला विचारलं, जुनी अक्षरं येणाऱ्या वैद्याला विचारलं, शेवटी मला पत्र पाठवलं, "तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा." मी उत्तर दिलं होतं की निज महिन्याच्या सोळाव्या तिथीला करा. मोठ्या खात्रीने दिलं होतं.

माझं काही चुकलं असेल तर ते तुझ्यासाठी न झटण्यात तरी नक्की नाही. शहाण्णव साली बेन लाउला तुला कोण घेऊन गेलं? त्रेपन्न वर्षांचा कर्नल मी, तीन दिवस बसने, मांडीवर तुझी पिशवी. त्या पिशवीत उदबत्त्या, तांदळाची दारू, आणि तू स्वतः मिठात घातलेली छोटी वांगी, झोआनला त्याच्याशिवाय घास उतरत नसे म्हणून. नदीकाठी तू जमिनीत जेवणाची काडी रोवलीस आणि तिच्यावर अंडं ठेवायला लागलीस, ते जिथे उभं राहील तिथे तो पुरलेला. मी म्हटलं, "मिएन, हे अडाणीपणाचं आहे." तू म्हणालीस, "दादा, तुझी पुस्तकं त्याला शोधतात का बघ, नाहीतर गप्प बस." अकरा ठिकाणी अंडं पडलं. बाराव्या ठिकाणी उभं राहिलं. तू हुंदका दिलास. फावडं माझ्या हातात होतं, आणि मी खणलं. संध्याकाळपर्यंत खणलं. तळहाताची सालटी निघाली. हाड नाही, बटण नाही, बक्कल नाही. शेवटी काळसर माती लागली, ती तू लाल कापडात बांधलीस आणि म्हणालीस, "हाच तो. विरघळला बिचारा." गावच्या शहीद दफनभूमीत ती माती पुरताना मी भाषण केलं. आजही लोक त्याची आठवण काढतात.

आणि त्याच दिवशी लाप आला, कंपनीचा जुना आचारी. तुझ्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटायला लागला. मी त्याला बाजूला घेतलं, कारण दारूचा वास येत होता आणि लोक बघत होते. "मलेरियाने याचं डोकं गेलंय," असं मी म्हटलं, ते तुझ्या जिव्हारी लागलं असेल. पण मला सांग, जो माणूस बेन लाउला नव्हताच, त्याला काय ठाऊक असणार? तिथे तर मुळात एकतीस जण

ही ओळ अर्धी राहिली आहे, ती सोडून दे. पत्र नव्याने लिहायचं त्राण नाही.

तोआई


नाम दिन्ह, १४ नोव्हेंबर २०२३

मिएन,

आधी एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. झोआन सहा जूनला गेला नाही. १४ मे ला गेला. चौथ्या महिन्याची तेविसावी तिथी, निज महिन्याची. अधिक महिन्याचा काही संबंधच नव्हता.

तू सोळाव्या तिथीला, म्हणजे सात दिवस आधी, ताट वाढतेस. एकोणपन्नास वर्षं तो यायच्या आत जेवण आटोपतं, आणि तो येतो तेव्हा घरात भांडी घासून पालथी घातलेली असतात. यावर माझा विश्वास नाही हे तुला माहीत आहे. तरी हे वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले.

काल कर्नल क्वींकडे गेलो होतो. ऑफिस अर्धं रिकामं, कपाटं दोऱ्यांनी बांधलेली, भिंतीवर फक्त तक्ता राहिलाय, कोअर, डिव्हिजन, रेजिमेंट, चौकटीखाली चौकटी. चहा झाला. मी म्हटलं, "दोनशे चौदावर तारीख चुकली आहे."

त्यांनी फाइल मागवली. पिवळा कागद, जांभळी शाई. माझ्यासमोर ठेवला.

"काका, अक्षर ओळखता?"

"माझंच आहे."

"सही?"

"माझीच."

"मग आता मला सांगा, एकतीस वर्षांच्या तोआईचं ऐकू की ऐंशी वर्षांच्या?"

मी म्हटलं, "ऐंशी वर्षांच्याचं."

ते हसले. वाईट हसले नाहीत, आजोबांना हसतात तसं. "काका, माझी आई बाबांची तारीख दरवर्षी वेगळी सांगते. आम्ही हो म्हणतो आणि कागदावरची पाळतो. तुमचा हा कागद म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात स्वच्छ कागद. त्या महिन्यात सगळ्या रेजिमेंटा इकडच्या तिकडे चालल्या होत्या, कुणाचा कशाला मेळ नाही. तुमच्या बटालियनची मात्र ओळन् ओळ जुळते."

"म्हणूनच म्हणतो," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मी त्या तक्त्याकडे बघत राहिलो. म्हटलं, "कारकुनाची चूक असेल."

"दुसरा पुरावा द्या, आजच बदलतो. तीस तारखेला छपाई आहे. त्यानंतर मंडळ बरखास्त. त्यापुढे मीसुद्धा कुठे असेन, माहीत नाही."

पुरावा. त्या एका शब्दाशी येऊन मी थांबलो. पुराव्याचा कागद माझाच, त्याला खोटं म्हणणारा मीच, आणि दोघांत जास्त विश्वासू तो कागद. मी उठलो. त्यांनी माझा हात धरून जिन्यापर्यंत पोचवलं. आणि लाज वाटते सांगायला, जिना उतरताना मला हलकं वाटलं. आपण सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. झालं, आपलं काम संपलं.

तुलाही तेच लिहून मोकळा होणार होतो. कारकुनाची चूक. तारीख बदलून घे, देवघरातल्या फोटोखाली नवी चिठ्ठी लाव.

दोन डिसेंबरला येच. समोर तू असलीस तर कदाचित मला बोलता येईल.

तोआई


नाम दिन्ह, ३ डिसेंबर २०२३

मिएन,

तुझी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी फुलांचा गुच्छ ठेवून दिला.

काल मी बोललो. उत्तम बोललो. हे तुला सांगायलाच हवं, कारण आजचं पत्र त्यातूनच आलंय. ध्वज उतरवून गुंडाळला तेव्हा मैदानात फक्त दोरीचा आवाज होता, आणि मग मी बोलायला उभा राहिलो. चिठ्ठी नाही, चष्मा नाही. पाची बोटं पसरली, मूठ वळली. पन्नास वर्षांनी तीच. रणगाड्यांवरची तरुण पोरं रडली. जनरल उठून माझ्याजवळ आले. बेन लाउच्या पस्तीस वीरांचं नाव मी घेतलं, आणि आवाज नेमका तिथेच दाटला, जिथे दाटायला हवा होता.

घरी येऊन कपडे बदलले आणि कागद काढला.

आता ऐक.

१० मे ला हुकूम आला की लढाई थांबवा, कुठेही चकमक काढू नका, रेजिमेंट नव्या कोअरला जोडायची आहे, जमण्याच्या जागी चला. स्पष्ट हुकूम होता. पण आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. कुठलाही मोठा दिवस आला की युनिटं स्वागताला पराक्रमाची भेट द्यायची. दुसऱ्या बटालियनने एक पूल उडवला होता, पहिलीने हेलिकॉप्टर पाडलं होतं. आपल्या बटालियनकडे काही नव्हतं. रिकाम्या हाताने कोअरच्या दारात उभं राहायचं, हे मला सहन होत नव्हतं. होन बा टेकडीवर शत्रूचं एक ठाणं होतं, लहानसं. बटालियनचा कमांडर तापाने फणफणलेला. म्हणजे हुकूम देणारा मीच.

झोआन म्हणाला, "हुकूम थांबायचा आहे."

मी म्हटलं, "थांबण्याआधीची शेवटची एक."

"मेव्हणे, नकाशात त्या ठाण्यावर एकच प्लाटून दाखवलीय, तीसेक माणसं. माझा माणूस वर जाऊन आलाय. तिथे चुली किती पेटतात ते त्याने मोजलंय. दोन कंपन्या आहेत. भेट द्यायचीच तर कोअरला एखादं डुक्कर देऊ, मी स्वतः पकडून आणतो."

पोरं हसली. या वेळी मी हसलो नाही. मी सगळ्या कंपनीला उभं केलं आणि बोललो. अर्धा तास बोललो. कालच्यापेक्षा चांगलं बोललो. आणि शेवटी, सगळ्यांसमोर, त्याच्याकडे बघून म्हणालो, "काही जणांना घरी ठेवलेल्या बायकोची ऊब आठवते. त्यांनी आचाऱ्याजवळ चुलीपाशी बसावं. बाकीचे वर जातील."

ती बायको तू होतीस, मिएन. तुझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यातले अकरा दिवस तो घरी होता. मी सख्ख्या बहिणीचा टोमणा करून तिच्या नवऱ्याला मारला.

त्याने पट्टा आवळला. लापला म्हणाला, "चाळीस जणांचा भात मूठ करून ठेव. आल्यावर खाऊ."

नऊ परत आले, तेही लोकांच्या पाठीवर. लाप केळीच्या पानात चाळीस मुठी भात मांडून दोन दिवस बसला होता. त्याचं डोकं मलेरियाने गेलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शत्रू आपण होऊन ठाणं सोडून गेला. त्या टेकडीची गरज त्यालाही नव्हती. मी बारा हमाल घेऊन वर गेलो. एकतीस जणांना पुरलं. नियमाप्रमाणे प्रत्येकासाठी पेनिसिलिनची रिकामी कुपी होती, आत कागद, वर रबरी बूच. ते कागद मी लिहिले. नाव, गाव, युनिट, आणि १४ मे १९७४. तिथे खोटं लिहायचं सुचलंच नाही. मेलेल्यांसमोर बसलो होतो. कुपी प्रत्येकाच्या तोंडात ठेवली आणि जबडा कापडाने बांधला. झोआनची मीच ठेवली.

खाली आलो तेव्हा सुचलं.

हुकूम मोडून एकतीस माणसं घालवली हे कळलं असतं तर माझ्यावर खटला झाला असता. पण त्या महिन्यात सैन्य पत्त्यांसारखं पिसलं जात होतं. जुन्या डिव्हिजनचं ऑफिस उठलेलं, नवीचं बसलेलं नाही. नऊ जखमी तीन वेगवेगळ्या इस्पितळांत गेले, तिथून तीन वेगवेगळ्या डिव्हिजनांत. लापला मी विमानवेधी तोफांच्या स्वयंपाकघरात बदली करून पाठवलं. जुन्या डिव्हिजनला वाटलं आमची तिसरी कंपनी नवीकडे गेली, नवीला वाटलं येतेच आहे. हजेरीपटावर ती पूर्ण होती. एक जूनला कोअर उभी राहिली तेव्हा तिच्या कागदावर एकतीस मेलेली माणसं सावधान उभी होती. सहा जूनला बेन लाउला खरोखर बॉम्ब पडले आणि पूल बांधणारे चार जण गेले. त्या चौघांत मी माझे एकतीस मिळवले. पस्तीस.

मिएन, शहाण्णव साली मी बेन लाउला जमीन खणली तेव्हा मला ठाऊक होतं. अंडं उभं राहिलं तेव्हा ठाऊक होतं. खणताना मला एकच भीती होती, की त्या चौघांपैकी कुणाचं हाड लागलं तर तू ते झोआनचं म्हणून घेऊन जाशील. लागलं नाही याचा मला आनंद झाला होता. तुमच्या दफनभूमीत त्याच्या नावाच्या दगडाखाली नदीचा गाळ आहे.

आता कोअरच नाही. ज्या वाढदिवसासाठी हे केलं तो वाढदिवसही सरकारने रद्द केला. पुस्तक तीस तारखेला छापून झालं, दोनशे चौदावं पान आहे तसंच. कर्नल क्वींनी मागितलेला पुरावा टेकडीवर आहे, माझ्याच अक्षरात, एकतीस प्रती.

जागा लिहून ठेव. होन बाला तीन कुबडं आहेत. मधलं कुबड, पश्चिमेचा उतार. खालचा ओढा जिथे कोपरासारखा वळतो तिथून सरळ वर तीनशे पावलं. भात कांडायच्या उखळासारखा वरून खोलगट दगड आहे. त्याच्या डोंगराकडच्या बाजूला दोन ओळी, वरची सोळाची, खालची पंधराची. झोआन वरच्या ओळीत डावीकडून पहिला. ऐकतो की आता तिथे बाभळीची लागवड आहे. दगड कुणी हलवला नसेल, फार मोठा आहे.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते वाक्य मला फार चांगलं म्हणता येतं.

तोआई


किएन शुओंग, १२ डिसेंबर २०२३

दादा,

पत्रं सगळी मिळाली. आधीची चार पण कपाटात आहेत. ती वाचली होती. त्यात नुसती हवापाण्याची चौकशी आणि देशाचं भवितव्य होतं, म्हणून उत्तर दिलं नाही.

तारीख मला शहाण्णव सालीच कळली. तू लापला बाजूला नेलंस, पण माणूस रात्रभर गावातच राहिला. सकाळी मागच्या दाराने आला आणि म्हणाला, "ताई, मी लिहितो-वाचतो कमी, पण भात कुठल्या दिवशी नासला ते आचारी विसरत नाही." टेकडी त्याला माहीत नव्हती. एवढंच म्हणाला की ते सूर्य मावळतो त्या अंगाला गेले. तीन वेळा मी आणि तो जाऊन आलो. दुसऱ्याच टेकड्या खणल्या. गेल्या वर्षी तो वारला. शेवटची दहा वर्षं प्यायला नाही.

तेव्हापासून सोळाव्या तिथीचं ताट मी लोकांसाठी वाढते, कोंबडी, चिकट भात, सगळं. तेविसाव्या तिथीचं त्याच्यासाठी. भात आणि मिठातली वांगी. त्या दिवशी एक वाडगा जास्तीचा मांडते. तो तुझा. गावात कुणालाही माहीत नसलेली तिथी तुला माहीत होती. काही सांगायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं त्या दिवशी दारात येऊन उभा राहिला असतास तरी मला कळलं असतं. सत्तावीस वर्षं तो वाडगा मी संध्याकाळी कुत्र्याला घातला.

तू लिहिलंस ते बायकोबद्दलचं, ते लापने मला सांगितलं नव्हतं. बरं केलं त्याने.

आता काय करायचं ते मी ठरवलंय. नऊजणांतला कुणी उरला नाही, ते मी आधीच शोधून पाहिलंय. एकतीस घरांपैकी सत्तावीस सापडली. वीस याच प्रांतात. न सापडलेल्या चार घरांत आता कुणी नाही. तीन आया अजून जिवंत आहेत. सगळ्यात मोठी सत्त्याण्णव वर्षांची, थाय थुईला राहते, तिला अजून बेन लाउचं स्वप्न पडतं, पोरगं पाण्यात आहे, कपडे ओले आहेत, थंडी वाजते म्हणतं. तिच्याकडे आधी जायचं. तिला एवढंच सांगायचं की तो कोरड्या जागी आहे. मग बाकीची घरं. प्रत्येक ठिकाणी तूच सांगायचंस. उभा राहून नाही, चटईवर बसून. कुणी मारलं तर मार खायचा. मी दाराशी थांबेन, आत येणार नाही.

मग टेकडी. पाऊस संपतो त्या महिन्यात. लापचा मुलगा ट्रक आणतोय. पेट्या एकतीस सांगितल्यात. बेन लाउचं फावडं माझ्याकडे आहे, तू विसरून गेला होतास, मी दरवर्षी तेल लावते. पहिलं खणायचं तुला. वय झालं म्हणू नकोस, झोआनचं तेवढंसुद्धा झालं नव्हतं.

आणि वर गेल्यावर बोलू नकोस. ती माणसं एकदा तुझं भाषण ऐकूनच तिथे गेली होती.

मिएन